मार्नर गेला, प्रश्न राहिला

2019 ते 2025 या काळात टोरंटो मेपल लीफ्स हा आइस हॉकीचा संघ सहा वेळा निर्णायक सामन्यात उतरला. मालिका बरोबरीत, जिंकेल तो पुढे, हरेल तो सामान आवरून घरी, असे हे सामने. सहाही वेळा संघ हरला, आणि सहा सामन्यांत मिळून त्याने गोल केले पाच. बोस्टनविरुद्ध एक, कोलंबसविरुद्ध शून्य, मॉन्ट्रियलविरुद्ध एक, टॅम्पाविरुद्ध एक, पुन्हा बोस्टनविरुद्ध एक आणि मे 2025 मध्ये स्वतःच्या घरात, फ्लोरिडाविरुद्ध एक. त्या शेवटच्या सामन्यात फ्लोरिडाने सहा मारले. चाहत्यांनी अंगावरच्या जर्सी काढून बर्फावर भिरकावल्या. गोलांचा पाऊस पाडणारी पोरं ही ज्या संघाची ओळख, त्याचा हा हिशेब आहे.

हे लिहिताना ऑक्टोबर 2025 चा नवा हंगाम सुरू होतोय. मधल्या चार महिन्यांत संघात बरीच उलथापालथ झाली. त्यातून स्टॅन्ली चषकाची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, आशा वाढली की घटली, हा प्रश्न टोरंटोत चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत चघळला जातोय. तिथली टपरी म्हणजे टिम हॉर्टन्स, आणि ती साखळी सुरू करणारा टिम हॉर्टन हा लीफ्सचाच बचावपटू, 1967 च्या विजेत्या संघातला. तो चषक या संघाचा तेरावा, आणि आजपर्यंतचा शेवटचा. तेव्हा एनएचएल या लीगमध्ये सहाच संघ होते, आज 32 आहेत. इतकी वर्षं चषकाविना राहिलेला दुसरा संघ एनएचएलमध्ये नाही. तरीही घरचे सामने भरगच्च असतात आणि तिकिटं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. कॅनडातल्या हॉकीचं समालोचन आता पंजाबीतही चालतं. टोरंटोशेजारच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांत आईवडील अजून क्रिकेटवाले असतात, पण शाळेत जाणारं पोर पहिल्या दुसऱ्या हिवाळ्यात निळी जर्सी मागायला लागतं. घरात त्या जर्सीबरोबर काय येणार आहे, याची कल्पना बिचाऱ्यांना नसते.

उन्हाळ्यातली मोठी बातमी मिच मार्नरची. हा टोरंटोच्याच पंचक्रोशीतला, मार्कमचा मुलगा. 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, चौथ्या क्रमांकावर घेतलेला. नऊ हंगामांत 657 सामने आणि 741 गुण, म्हणजे गोल आणि गोलाला दिलेले पास मिळून. 2024-25 च्या हंगामात तर शंभरी ओलांडून 102. असा खेळाडू 30 जूनला गेला, तोही एका अजब व्यवहारात. लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार स्वतःच्या खेळाडूला संघ आठ वर्षांचा करार देऊ शकत होता, बाहेरचा संघ सातच वर्षांचा. मार्नरचा करार मध्यरात्री संपणार होता आणि तो राहणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग टोरंटोने त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला 1 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला आणि तो करारासकट वेगास गोल्डन नाइट्सच्या पदरात टाकला. बदल्यात मिळाला निकोला रुआ. 28 वर्षांचा, उंचापुरा, कष्टाळू सेंटर, म्हणजे मधला आघाडीवीर. 2023 मध्ये वेगासबरोबर चषक जिंकलेला, पण गेल्या हंगामात 31 गुणांवर थांबलेला. कागदावर 102 देऊन 31 घेतले.

यावर शहरात दोन तट आहेत. एक म्हणतो, बरं झालं, मोठ्या सामन्यात हातपाय गाळणारा गेला. दुसरा म्हणतो, शहराने टोचून टोचून पोराला घालवलं. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, पण खरी चूक त्याआधीची आहे. 2019 च्या करारात मार्नरला एक कलम मिळालं होतं: 1 जुलै 2023 पासून त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही. त्याला चांगल्या मोबदल्यात दुसरीकडे देण्याची शेवटची मोकळी संधी म्हणजे 2023 चे मे-जून. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत संघाने आपला जनरल मॅनेजर काईल डुबास यांना काढलं आणि 31 मे रोजी ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांना आणलं. नव्या माणसाच्या हातात महिनाभर होता. खुर्चीची ऊब कळायच्या आत मुदत टळली. पुढची दोन वर्षं मार्नर कुठे जायचं ते स्वतः ठरवणार होता, आणि ते त्याने ठरवलं.

हे सगळं ज्या योजनेचा भाग होतं तिचा कर्ताही या उन्हाळ्यात पदावरून गेला. ब्रेंडन शॅनहन 2014 मध्ये संघाचे अध्यक्ष म्हणून आले. आधी संघ मुळापासून मोडायचा, तळाला जायचं, ड्राफ्टमधून हिरे वेचायचे आणि मग धीराने वाट पाहायची, असा त्यांचा मार्ग. वेचणी झाली उत्तम. 2014 मध्ये विल्यम नीलँडर, 2015 मध्ये मार्नर आणि लीगमध्ये सगळ्यात शेवटी राहून 2016 मध्ये पहिल्या क्रमांकावर ऑस्टन मॅथ्यूज. 2018 च्या 1 जुलैला जॉन तावारेसने घरी येण्याची घोषणा केली, लहानपणी लीफ्सच्या चादरीत झोपलेला स्वतःचा फोटो टाकून. सात वर्षं, 7 कोटी 70 लाख डॉलर. शहर वेडं झालं होतं.

मग करोना आला. एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते, ती सॅलरी कॅप. ती दरवर्षी वाढत जाईल या हिशेबाने टोरंटोने चौघांचे करार केले होते. 2019-20 मध्ये मर्यादा होती 8 कोटी 15 लाख डॉलर आणि चौघांचा मिळून पगार साधारण 4 कोटी 5 लाख. संघात तेवीस जण असतात. म्हणजे निम्मी तिजोरी चौघांना आणि उरलेल्या निम्म्यात एकोणीस. पुढे मर्यादा आणखी दोन हंगाम जागची हलली नाही. टोरंटोत नेहमी सांगितलं जाणारं अपयशाचं कारण हेच, आणि ते खोटं नाही. पण ते पुरेसंही नाही, असं माझं मत आहे.

कारण मर्यादेचा कायदा सगळ्यांना सारखा असला, तरी त्यात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे. या काळात ड्राफ्टमधून आलेल्या पोराला पहिली तीन वर्षं मूळ पगार दहा लाख डॉलरच्या आतच द्यावा लागत होता. म्हणून चौघांना निम्मी तिजोरी देणाऱ्या संघाला दरवर्षी दोन-एक स्वस्त आणि चांगली पोरं वर यायलाच हवीत. वर यायची तर ड्राफ्टमध्ये निवडीचा हक्क हाती हवा. टोरंटोने हा हक्क काय केला ते पाहा.

2019 चा पहिल्या फेरीचा हक्क लॉस एंजेलिसला, जेक मझिन या बचावपटूसाठी. 2020 चा कॅरोलायनाला. कोणासाठी? कोणासाठीच नाही. पॅट्रिक मार्लो या 39 वर्षांच्या खेळाडूचा पगार अंगावरून उतरवण्यासाठी. कॅरोलायनाने मार्लोला पैसे देऊन मोकळं केलं आणि त्या हक्कावर तेराव्या क्रमांकाला सेथ जार्व्हिस घेतला, जो आज त्यांच्या आघाडीचा मोठा आधार आहे. 2021 चा हक्क कोलंबसला, निक फोलिन्योसाठी. तो काही आठवडे खेळला, दुखापतीने बेजार होता, उन्हाळ्यात निघून गेला. त्या वर्षी टोरंटोने अख्ख्या ड्राफ्टमध्ये तीनच पोरं निवडली. 2022 मध्ये पंचविसावा क्रमांक शिकागोला देऊन अडतिसाव्यावर उतरले, कारण गोलरक्षक पीटर म्राझेकचा करार त्यांच्या गळ्यात घालायचा होता. 2025 चा हक्कही शिकागोला, जेक मकेबसाठी. 2026 चा बोस्टनला, ब्रँडन कार्लोसाठी. 2027 चा फिलाडेल्फियाला, स्कॉट लॉटनसाठी. शेवटच्या दोन्ही व्यवहारांना काही अटी आहेत, पण भाव तोच. शिवाय कार्लोबरोबर फ्रेझर मिंटन आणि लॉटनबरोबर निकिता ग्रेबेन्किन ही हाताशी आलेली पोरंही गेली.

दर मार्चमध्ये पेरणीचं बियाणं दळायला काढायचं आणि जूनमध्ये शिवार ओसाड का म्हणून विचारायचं, असा हा कारभार. मझिन वाईट नव्हता, मकेब तर उत्तमच आहे. एकेक व्यवहार सुटा घेतला तर समर्थन करता येतं. सात वर्षांची वही एकत्र वाचली की धडकी भरते. मध्येच नशिबाचाही घाला पडला. 2020 मध्ये दुसऱ्या एका व्यवहारातून मिळालेल्या पंधराव्या क्रमांकावर घेतलेला रोदियॉन अमिरोव हा गुणी रशियन मुलगा मेंदूच्या गाठीने 2023 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेला. त्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडायचा नसतो.

ज्या थोड्या पोरांना संधी मिळाली त्यांतला एक पाहिला की काय हुकलं ते कळतं. मॅथ्यू नाइज, 2021 च्या त्या तीन निवडींपैकी एक, सत्तावन्नाव्या क्रमांकाचा. गेल्या हंगामात त्याने 29 गोल केले, तेही नवख्याच्या पगारात. गोलरक्षकासमोर उभं राहायचं, पाठीवर बचावपटूची काठी झेलत जागा सोडायची नाही, मागून आलेल्या फटक्याला स्टिकचं टोक लावायचं, असलं जिकिरीचं काम तो हौसेने करतो. मार्नरच्या नजाकतीसमोर हे ओबडधोबड दिसतं, पण मे महिन्यात पंच शिट्टी गिळून बसतात तेव्हा गोल असेच होतात. या उन्हाळ्यात त्याच्याशी सहा वर्षांचा, वर्षाला 77 लाख 50 हजारांचा करार झाला. रास्त आहे. फक्त आता तोही स्वस्त राहिला नाही.

उन्हाळ्यातला सगळ्यात शहाणा व्यवहार तावारेसचा. वर्षाला 1 कोटी 10 लाख घेणारा माणूस चार वर्षांसाठी 43 लाख 80 हजारांवर राहिला. वय 35, पाय मंदावलेत, पण गेल्या हंगामात त्याने 38 गोल केले. कर्णधारपद तर त्याने आदल्याच वर्षी मॅथ्यूजकडे सोपवलं होतं. मोठ्या नावाने असा समजूतदारपणा दाखवण्याची उदाहरणं व्यावसायिक खेळात फार नाहीत.

बाकी खरेदी मधल्या फळीवरची. यूटाकडून मत्तियास माचेली आला. हा फिनलंडचा, पास देण्यात वाकबगार. 2023-24 मध्ये त्याने 57 गुण मिळवले होते, पुढच्या वर्षी ते 18 वर आले आणि यूटाने त्याला बाकावर बसवलं. तिसऱ्या फेरीच्या एका हक्कात मिळाला, म्हणजे स्वस्तच. मॅथ्यूजशेजारी तो फुलला तर ट्रेलिव्हिंग हुशार ठरतील. व्हँकुव्हरहून डकोटा जोशुआ आला, धिप्पाड आणि टक्कर घेणारा. रायन रीव्हजला सॅन होजेला धाडून बचावपटू हेन्री थ्रन घेतला. मॅक्स पॅचिओरेटी निवृत्त झाला, पोंतुस होल्मबर्ग टॅम्पाला गेला. ही यादी वाचून कोणाची झोप उडणार नाही.

मार्नरच्या मोकळ्या झालेल्या पैशांत दुसरा मोठा खेळाडू का नाही आला? कारण बाजारात तो नव्हताच. कॅप 2025-26 साठी 9 कोटी 55 लाखांवर गेली आणि 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख ठरली. सगळ्यांकडेच पैसा आल्यावर प्रत्येक संघाने आपली माणसं बांधून ठेवली. फ्लोरिडाने तर सॅम बेनेट, एरन एकब्लाड आणि ब्रॅड मार्शांड हे तिघेही राखले. अशा वेळी खेळाडू मिळतो तो अदलाबदलीत, आणि अदलाबदलीला हातात ड्राफ्टचे हक्क लागतात. ते टोरंटोकडे नाहीत.

कराचा मुद्दाही या चर्चेत हमखास निघतो. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा या राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही. ऑन्टारियोत वरच्या टप्प्यावर कर निम्म्याहून जास्त जातो. 2020 ते 2025 च्या सहा चषकांपैकी पाच करमुक्त राज्यांतल्या संघांनी नेले: टॅम्पाने दोन, वेगासने एक, फ्लोरिडाने दोन. योगायोग म्हणून झटकून टाकावा असा हा आकडा नाही. पण फ्लोरिडाचा संघ कराच्या सवलतीवर उभा राहिला असंही नाही. त्यांचा उत्तम बचावपटू गुस्ताव फोर्सलिंग कॅरोलायनाने सोडून दिलेला होता, यांनी फुकट उचलला. आणि कार्टर व्हर्हेगी, त्यांचा मोक्याच्या वेळी गोल करणारा आघाडीवीर, 2013 च्या ड्राफ्टमध्ये निवडला होता टोरंटोनेच. 2015 मध्ये देऊन टाकला. मार्शांडची गंमत आणखी वेगळी. बोस्टनकडून चार आणि फ्लोरिडाकडून एक, असे लीफ्सविरुद्धचे पाच सातवे सामने त्याने जिंकलेत. त्याला राखणाऱ्या फ्लोरिडाने मोजलेल्या पैशांतले निम्मे तरी टोरंटोच्या धास्तीपायी असावेत.

गोलरक्षणाची बाजू मात्र अनेक वर्षांत प्रथमच भक्कम दिसते. अँथनी स्टोलार्झने गेल्या हंगामात अडवलेल्या फटक्यांच्या टक्केवारीत लीगमध्ये वरचा नंबर पटकावला. फ्लोरिडाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात बेनेटचं कोपर डोक्याला लागलं आणि तो त्या मालिकेत पुन्हा खेळला नाही. पहिले दोन सामने जिंकून 2-0 ने पुढे असलेला संघ मग सात सामन्यांत हरला. तो असता तर? असला हिशेब टोरंटोत दर उन्हाळ्यात कशाचा ना कशाचा तरी चालू असतो. सप्टेंबरअखेर स्टोलार्झचा करार चार वर्षांनी वाढवला. जोडीदार जोसेफ वोल घरगुती कारणासाठी रजेवर गेला, म्हणून हंगामपूर्व शिबिरात जेम्स रायमरला चाचणीवर बोलावलं. हाच रायमर 2013 मध्ये बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात 4-1 अशी आघाडी गेली तेव्हा गोलात उभा होता. जखमेवर मीठ चोळायची इतकी तयारी कोणी मुद्दाम करत नसेल, पण या संघाच्या बाबतीत ती आपोआप होते.

आता उगवत्या पोरांकडे. मुख्य नाव इस्टन काउवन, 2023 मध्ये अठ्ठाविसाव्या क्रमांकावर घेतलेला विंगर, म्हणजे कडेचा आघाडीवीर. लंडन नाइट्स या कुमार संघाकडून खेळताना 2025 च्या मे-जूनमध्ये मेमोरियल चषक जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंगाने लहान, पण पकच्या, म्हणजे खेळातल्या चकतीच्या, मागे कुत्र्यासारखा धावतो आणि प्रतिस्पर्ध्याला चिडवण्यात पटाईत. वीस वर्षांच्या मुलाकडून मार्नरची भरपाई मागणं अन्याय आहे, तरी मागितली जाईलच. दुसरा बेन डॅनफर्ड, 2024 मधला एकतिसाव्या क्रमांकाचा बचावपटू. गोल करणार नाही, पण होऊ देणार नाही या जातीचा. त्याला अजून दोन वर्षं द्यावीत. डेनिस हिल्डेबी हा उंचच उंच स्वीडिश गोलरक्षक दार ठोठावतोय. 2025 च्या ड्राफ्टमध्ये टोरंटोची पाळी आली ती थेट चौसष्टाव्या क्रमांकावर, तेव्हा नॉर्वेचा टिनूस लूक कोब्लार हा सेंटर घेतला. त्यापुढे कोठारात फारसं काही नाही. चषकाचं स्वप्न पाहणाऱ्या संघाची ही शिदोरी तुटपुंजी आहे.

म्हणून सगळं पुन्हा मॅथ्यूजपाशी येऊन थांबतं. 2023-24 मध्ये 69 गोल करणारा हा माणूस गेल्या हंगामात दुखणं अंगावर काढत 33 वर आला. त्याला अचूक पास देणारा आता वेगासला आहे. प्रशिक्षक क्रेग बेरूबी यांनी 2018-19 चा हंगाम सुरू असताना सेंट लुईसला हाती घेतलं आणि तळाला गेलेल्या त्या संघाला चषक मिळवून दिला होता. त्यांचा खेळ सरळसोट आहे: पक कोपऱ्यात फेका, धडक द्या, हिसकावून घ्या. रुआ, जोशुआ, नाइज त्यात चपखल बसतात. मॅथ्यूज बसतो का, हे गेल्या वर्षी नीट कळलं नाही. फेब्रुवारी 2026 मध्ये मिलानला हिवाळी ऑलिंपिक. मॅथ्यूज अमेरिकेकडून आणि नीलँडर स्वीडनकडून जाणार असल्याने दोघांच्या पायांना उसंत नाही.

सुदैवाने विभागातला मोठा गडी लंगडतोय. सलग दोन चषक जिंकलेल्या फ्लोरिडाचा कर्णधार अलेक्सांडर बार्कोव शिबिराच्या पहिल्याच सरावात गुडघा मोडून बसला आणि हंगामाचा मोठा भाग तो बाहेर राहील. मॅथ्यू टकाचकवर शस्त्रक्रिया झाल्याने तोही हंगामाच्या सुरुवातीला नाही. टॅम्पाचं वय झालंय. मॉन्ट्रियलची आणि ओटावाची पोरं वर येतायत. विशेषतः मॉन्ट्रियलकडे पाहून टोरंटोच्या चाहत्याला जळजळ व्हावी, कारण तिथे स्वतः निवडलेल्या पोरांची फळी उभी आहे आणि तरीही नोआ डॉब्सनसारखा बचावपटू आणण्याइतके ड्राफ्टचे हक्क शिल्लक होते.

माझा अंदाज विचाराल तर नियमित हंगामात टोरंटोचे गुण गेल्या वर्षीच्या 108 पेक्षा बरेच खाली येतील. प्ले-ऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठण्यासाठी मार्च-एप्रिलपर्यंत घाम गाळावा लागेल आणि गाठलं तर एखादी मालिका जिंकता येईल. चषक नाही. बचावफळीत मकेब, टॅनेव, कार्लो, एकमन-लार्सन असे अनुभवी आहेत, पण तिशी उलटलेले पाय बरेच, आणि ख्रिस टॅनेव फटक्यांसमोर अंग टाकायच्या सवयीपायी कधी मोडेल याचा नेम नाही. 6 मार्च 2026 ला अदलाबदलीची मुदत संपते. त्या वेळी संघ पात्रतेच्या रेषेच्या आसपास घुटमळत असेल, ट्रेलिव्हिंग यांची खुर्ची डगमगत असेल आणि समोरचे व्यवस्थापक फोनवर दोनच नावं घेतील: काउवन आणि डॅनफर्ड. या दोघांसाठी नकार देता आला, तर 2025 च्या उन्हाळ्यात शॅनहनबरोबर त्यांच्या काळातली खोडही गेली असं म्हणता येईल. मॅथ्यूजचा करार 2028 मध्ये संपतो, आणि त्यालाही मार्नरसारखंच कलम आहे.